काठापासून दोन मिलिमीटर

मासे गरवणारे कोकणात पायलीचे पन्नास. आमचे तात्या दोरी भरणारे. गरवायला जायचं रविवारी ठरलं की त्यांचं रीळ बुधवारीच ओटीवर येतं.

पहिला दिवस निवडीत जातो. साधा नायलॉनचा तंगूस ओढ बसली की लांबतो, म्हणून नको. विणलेली दोरी लांबत नाही, पण खडकाला घासली की संपली. मग फ्लुरोकार्बन. "नायलॉनचा अपवर्तनांक १.५३, पाण्याचा १.३३, ह्याचा १.४२. माशाला दिसते कशाला!" आषाढातली कर्लीची खाडी म्हणजे दुधाचा चहा, तिथे माशाला स्वतःची शेपटी दिसली तरी खूप. पण तात्या बँकेत कॅशियर होते. त्यांच्या दशांशचिन्हाशी हुज्जत घालू नये.

शेवटी तह होतो: रिळावर विणलेली, टोकाला वावभर फ्लुरोकार्बन. विणलेली दोरी गुळगुळीत रिळावर नुसतीच गरगरते, म्हणून तिच्याखाली आधी थोडा तंगूस. इथे काकूंना हाक जाते. दोरीची चकती फरशीवर आडवी, छाप वर. काकूंनी ओल्या फडक्यात दोरी चिमटीत धरायची. घट्ट धरली तर "सैल सोड गो", सैल सोडली तर "धर गो". पंधरा वेढ्यांनी थांबून दोरी ढिली सोडायची; पीळ दिसला की चकती उलटी. काकू ती हल्ली पायाच्या अंगठ्यानेच उलटवतात, दुसऱ्या हातातली वाटाण्याची शेंग न सोडता.

दोरी रिळाच्या काठाखाली दोन मिलिमीटरवर थांबली पाहिजे. जास्त भरली तर फेकताना वेटोळी भसकन सुटून गुंता होतो; कमी भरली तर गळ पायाशीच पडतो. तात्या नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी लावतात. साडेतीन भरले. सगळं उकलायचं!

रविवारी वारा हमखास वाईट असतो. असल्या वाऱ्यात नवी दोरी कोण भिजवील? काकू मुकाट्याने पिशवी घेतात. बाजारात तात्या टोपलीतली तांबोशी शेपटीला धरून उचलतात, डोळे मिटून तोलतात नि म्हणतात, "हिला वीस पौंडांची दोरी पुरली असती."

"तात्यानु, पौंड ऱ्हवांदेत," मासेवाली म्हणते, "पैशे काढा."