पडद्याचा एक्यूआय

हिवाळ्यात दिल्ली एनसीआरमधला माणूस चहाच्या आधी एक्यूआय बघतो. आकडा फारच चढला की 'ग्रॅप'चा, म्हणजे प्रदूषणावरच्या निर्बंधांचा, चौथा टप्पा लागतो, ट्रक सीमेवर अडतात, बांधकामं थांबतात आणि शाळा घरी येते. घरी येते म्हणजे फोनमध्ये येते. २०२४च्या नोव्हेंबरात तर बारावीपर्यंतचे वर्ग असे घरोघरी आले होते. तास संपतो, मॅम पडद्यावरून जातात, फोन मात्र मुलाच्या हातातच राहतो. खाली खेळायला पाठवायची सोय नाही, कारण हवा विषारी. मग दारं-खिडक्या लावून, एअर प्युरिफायर सुरू करून, शुद्ध हवेत मूल व्हिडिओ बघत बसतं.

आमच्या नोएडातल्या सोसायटीच्या पालक ग्रुपवर एका बापाने अशाच एका सकाळी प्रश्न टाकला: हवेचा आकडा कळतो, पाण्याचा टीडीएस कळतो, मग पोरगं जे बघतंय त्याचा आकडा का नसावा? प्रश्न इतका बिनतोड होता की तासाभरात समिती नेमली गेली. बी टॉवरचे निवृत्त कर्नलसाहेब अध्यक्ष, कारण सोसायटीत काहीही निघालं की अध्यक्ष तेच. एक चार्टर्ड अकाउंटंट. एक मॅडम, ज्यांच्या लेकाच्या डब्याचे रील बरेच लोक बघतात, म्हणून त्या तज्ज्ञ. आणि मी. माझी पात्रता कर्नलसाहेबांनी जाहीर केली: "आप तो मराठी हो जी, कल्चर वाले लोग. साहित्य संमेलन भी तालकटोरा में करवा दिया." ते अठ्ठ्याण्णवावं संमेलन २०२५च्या फेब्रुवारीत झालं आणि मी तिथे मागच्या रांगेत बसून आलो होतो. पण दिल्लीत प्रतिनिधित्व असंच मिळतं.

पहिली बैठक 'मूल कोणाला म्हणायचं' यावरच अडली. अकाउंटंट कागद घेऊन आले होते. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याची माहिती घ्यायची तर आईवडिलांची पडताळता येणारी संमती मागतो. यूट्यूब किड्सच्या लेखी बालपण बाराव्या वर्षी संपतं. इन्स्टाग्राम तेराव्या वर्षी दार उघडतं. २०२१च्या आयटी नियमांनी ओटीटीवरच्या मालिका-सिनेमांना सात, तेरा आणि सोळा अशा पायऱ्या घातल्या. २०२३मध्ये सिनेमाच्या कायद्यातही त्याच आल्या. कर्नलसाहेबांनी शेवटी चष्मा काढला. "दिल्लीत दारूला पंचवीस वर्षं लागतात, यमुना ओलांडली की एकवीस. म्हणजे आपला मुलगा पुलावर मोठा होतो." हे वाक्य इतिवृत्तात घेतलेलं नाही.

आता या सात-तेरा-सोळाच्या पायऱ्या बघून सगळ्यांना हायसं वाटलं होतं. म्हणजे सरकारने काम केलेलंच आहे, आपण फक्त चहा घ्यायचा. तेवढ्यात कुणीतरी विचारलं की यूट्यूबवर लोक जे रोज चढवतात, त्याला या पायऱ्या लागू आहेत का. नाहीत. त्या ओटीटीवाल्यांनी स्वतः निवडून लावलेल्या मालिका-सिनेमांना आहेत. आठ वर्षांचं पोर ओटीटीवर तेरा वर्षांची पाटी असलेली मालिका बघायला गेलं तर कुलूप लागतं, आणि यूट्यूबवर नोएडाच्याच एखाद्या फ्लॅटमध्ये चित्रित झालेली, बायकोला मेल्याचं सोंग करून घाबरवण्याची 'फॅमिली कॉमेडी' बघायला गेलं तर काही लागत नाही.

"पण तिथे 'मेड फॉर किड्स' लिहिलेलं असतं ना!" डब्याच्या मॅडम म्हणाल्या. असतं. ही पाटी आली कुठून, ते सांगण्यासारखं आहे. मुलांची माहिती आईबापांना न विचारता गोळा केली म्हणून २०१९च्या सप्टेंबरात अमेरिकेत गूगल आणि यूट्यूबवर १७ कोटी डॉलर भरायची वेळ आली. त्यानंतर, २०२०च्या जानेवारीपासून, व्हिडिओ चढवणाऱ्याने तो मुलांसाठी आहे की नाही हे सांगायचं असं ठरलं. तसं सांगितलं की त्या व्हिडिओवर मुलाच्या आवडीनिवडी ताडून जाहिराती लावता येत नाहीत आणि खालची प्रतिक्रियांची जागा बंद होते. एवढाच त्या पाटीचा अर्थ. व्हिडिओ चांगला आहे, शहाणा आहे, निदान निरुपद्रवी आहे, असं ती पाटी कुठेही म्हणत नाही. त्यातून ती लावायची जबाबदारी आधी विकणाऱ्याची. आपण मात्र ती एफएसएसएआयच्या शिक्क्यासारखी वाचतो.

कर्नलसाहेबांना दूरदर्शन आठवलं. १९९७ला 'शक्तिमान' सुरू झाला तेव्हा सगळ्या देशाची मुलं एकच गोष्ट बघत होती. पोरांनी त्याच्यासारखं गोल फिरायला घेतलं तर देशभरातल्या आया एकाच माणसाला शिव्या घालू शकत होत्या. २००८मध्ये 'शिनचॅन' उद्धट आहे म्हणून सरकारने बंद केला, पुढे कात्री लावून तो परतला. चूक असो की बरोबर, बंद करायला समोर काहीतरी एक होतं. आणि मुलांचे सिनेमे काढायला सरकारची एक बालचित्र समितीही होती, १९५५पासूनची. २०२२मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. मुलं कधीच दुसरीकडे गेली होती, त्यामुळे त्यांना कळलं नाही.

आमच्या समितीला कायद्याचा आधार हवा होता, तो दिल्लीतच सापडला. 'कॉलेज रोमान्स' नावाच्या वेब मालिकेचा खटला दिल्ली उच्च न्यायालयात आला. २०२३च्या मार्चमधल्या निकालात न्यायमूर्तींनी नोंदवलंय की भाषा अशी होती की आजूबाजूचे दचकतील, म्हणून त्यांना आपल्या दालनात इअरफोन लावून भाग बघावे लागले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्याची कारवाई रद्द केली: शिवराळ असणं म्हणजे आपोआप अश्लील असणं नव्हे. दोन्ही न्यायालयांनी निदान बघून, ऐकून आणि विचार करून मत दिलं, हे आमच्या लक्षात यायला हवं होतं. आम्ही एवढाच बोध घेतला की समितीला इअरफोन लागतील. मेंटेनन्समधून चार जोड मंजूर झाले.

मग नमुने तपासणं. यूट्यूबवर दर मिनिटाला पाचशे तासांहून जास्त व्हिडिओ चढतात असं कंपनीच सांगत आलीय. अकाउंटंटनी गुणाकार केला: एका दिवसाचा माल बघायला ८२ वर्षं. तीन टॉवरांत वाटला तरी कर्नलसाहेबांच्या वयाला जमण्यासारखं नव्हतं. तेव्हा प्रत्येकाने घरी जाऊन तासभर बघायचं आणि शेरे लिहायचे ठरलं.

शेरे आले ते असे. अकाउंटंटनी अंड्यातून खेळणी काढणारे व्हिडिओ 'शैक्षणिक, उत्कंठावर्धक' ठरवले. त्यांच्या दारात दोन दिवसांनी तीच अंडी पार्सलने आली. मॅडमनी कॅमेऱ्याचे कोन तपासले. मी एक बालगीत लावलं. सुरुवात ठीक होती. त्यात काही सेकंदांच्या वर चित्र थांबतच नव्हतं. गाणं संपलं की पुढचं आपोआप, त्याच्या पुढचं आपोआप, आणि मध्येच हिरव्या रंगाचा कुणीतरी दात उपटून घेत होता. पेप्पा पिगच्या नावावर असले दंतवैद्याचे अघोरी नकली व्हिडिओ २०१७ला जगभर गाजले होते, ते ठाऊक होतं. तरी मी बंद केलं नाही. कर्नलसाहेबांचा शेरा रात्री पावणेदोनला ग्रुपवर पडला. बर्फात चालणाऱ्या आगगाड्यांबद्दल होता. तासाभराच्या तपासणीला ते नऊला बसले होते.

दुसऱ्या बैठकीला अकाउंटंटनी आपल्या तिसरीतल्या मुलीला आणलं, कारण तिला सांभाळायला घरी कोणी नव्हतं. ती कोपऱ्यात चित्र काढत बसली होती. समिती कुलपाचा पिन काय ठेवावा यावर बोलत असताना ती मान वर न करता म्हणाली, "पापाचा पिन फ्लॅट नंबर आहे." मग तिला साक्षीला बोलावलं. तिच्याकडून कळलं ते असं: वर्गातल्या बऱ्याच जणांची खाती आहेत आणि खात्यावर त्यांचा जन्म १९८० ते ९०च्या दरम्यान झालेला आहे. जाहिरात कुठली आणि व्हिडिओ कुठला हे तिला खेळण्यांच्या बाबतीत सांगता येत नाही. भुताच्या व्हिडिओंची भीती वाटत नाही, कारण भुताचं बटण दिसतं, म्हणजे मास्कची चेन.

"मग भीती कशाची वाटते?" कर्नलसाहेबांनी विचारलं.

"तो मम्मीला केक मारतात तो. त्यात सगळे हसतात. पण छोटा भाई खरा रडतो."

तो व्हिडिओ आम्ही आमच्या तपासणीत बघितला होता आणि 'कौटुंबिक, सर्वांसाठी' असा शेरा एकमताने दिला होता. शिवी नाही, रक्त नाही, कपडे व्यवस्थित. आम्ही शिव्या मोजत होतो. तिने रडणं ओळखलं. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने २०२४च्या जानेवारीत यूट्यूबच्या भारतातल्या अधिकाऱ्याला बोलावलं, ते आई-मुलांच्या असल्याच 'चॅलेंज'च्या ओंगळ टोकाबद्दल होतं. आयोग टोकाशी पोहोचतो. टोकाच्या अलीकडे जो मोठा मुलूख आहे, जिथे घरातलंच माणूस मुलाला कॅमेऱ्यासमोर रडवतं आणि लाखो घरं त्याला हसतात, तिथे पाटी लावायला कोणी येणार नाही.

मॅडमनी विषय बदलला. त्यांचाही इलाज नव्हता. त्यांच्या लेकाला डबा आवडला नाही तर तोच शॉट परत घ्यावा लागतो. एनसीआरमध्ये हे काही जगावेगळं नाही. मेट्रोत रील काढू नका म्हणून दिल्ली मेट्रोला विनवण्या कराव्या लागतात, २०२४च्या होळीत नोएडाच्या रस्त्यावर स्कूटरवर रील काढणाऱ्यांना ३३ हजारांचं चलान फाडलं गेलं, आणि यातली बरीचशी मंडळी अठराच्या वरची असतात. त्यांच्या आयांनी कुठला पिन ठेवायचा?

समितीचा अहवाल शेवटी तयार झाला. ग्रॅपच्या धर्तीवर चार टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात पालकांनी चिंता व्यक्त करावी. दुसऱ्यात ग्रुपवर लेख फॉरवर्ड करावा. तिसऱ्यात मुलाचा फोन काढून घ्यावा आणि स्वयंपाक होईपर्यंत परत द्यावा. चौथ्या टप्प्यात सरकारकडे बंदीची मागणी करावी. ऑस्ट्रेलियाने २०२५च्या डिसेंबरात सोळाखालच्यांना समाजमाध्यमं बंद केलीच आहेत. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये अशी मागणी घेऊन आलेल्यांना हा धोरणाचा विषय आहे म्हणून परत पाठवलं होतं, ते अहवालात तळटीप म्हणून आहे.

मी एक दुरुस्ती सुचवली होती. यूट्यूब किड्समध्ये एक सोय आहे: मोठ्यांनी स्वतः निवडलेली चॅनेलं आणि व्हिडिओ तेवढेच मुलाला दिसतात, शोधायची खिडकी बंद होते. फुकट आहे. अट एकच, निवडणाऱ्याने ते आधी बघितलेले असावेत आणि मूल बघताना अधूनमधून शेजारी बसावं, म्हणजे ते कुठे हसतं आणि कुठे गप्प होतं ते कळतं. दुरुस्ती चर्चेला आली. कर्नलसाहेब म्हणाले, कल्पना उत्तम आहे पण व्यवहार्य नाही. लोकांना वेळ कुठे आहे? चौघांपैकी तिघांनी मान डोलावली, त्यातल्या दोघांनी फोनवरून नजर न काढता. दुरुस्ती तीन विरुद्ध एक मताने फेटाळली गेली.

अहवालाची प्रत सोसायटीच्या ऑफिसात बघायला मिळेल. तुमच्याकडे अशी समिती निघणार असेल तर तेवढी थांबवा, आणि आज रात्री मुलाच्या शेजारी बसून त्याने शेवटचे बघितलेले तीन व्हिडिओ पूर्ण बघा. पुढे न ढकलता. इअरफोन लागले तर आमच्याकडे चार जोड पडून आहेत.