एक सूत वर

रत्नागिरीत पाट्या रंगवण्यात हयात घालवलेले आमचे काका इंचाच्या आठव्या हिश्शात, म्हणजे सुतात, जगतात. म्हणून सगळे त्यांना सूतकाका म्हणतात. छपाईच्या दुकानात त्यांचं पाऊल पडलं, की पोरं शेवटचं ‘आका’ गिळून एकमेकांना सावध करतात, “सूतक आलं!”

मिरकरवाड्याच्या होड्यांवर त्यांनी नावं रंगवली, आंब्याच्या पेट्यांसाठी पत्र्यात अक्षरं कापली. १८६९ साली जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हा टाइप तपासायला जणू हेच बसले होते, अशा थाटात बोलतात. आता हात थरथरतो. नजर मात्र तीच.

परवा पुतणीच्या लग्नाची पत्रिका संगणकावर जुळत होती. ‘मुहूर्त’च्या आधी काळा चौकोन, ‘स्थळ’च्या आधी काळा गोल.

“गोल घसरलाय मेल्या. आणि उपाशीही दिसतोय.”

“काका, मधोमध आहे. मापही सारखंच.”

“मध्य कुणाचा? एबीसीडीचा! ती जमिनीवर उभी असतात. आपली अक्षरं रेघेला लोंबतात, दांडीवरच्या सदऱ्यांसारखी. घे वर!”

मग कानावरची पेन्सिल उतरली आणि पत्रिकेच्या पाठीवर शाळा भरली. “हा १० सुतांचा चौकोन, घरं १००. आत १० सुतांचाच गोल. चारी कोपरे गेले, काळं उरलं जेमतेम ७८ घरांइतकं. लहान दिसणारच! ११ चा घे. त्रिकोण तर बुडाशी जड, त्याचा तोल खालून तिसऱ्या हिश्शावर. तोही उचलायचा. डोळ्याला बरोबर दिसायचं, तर मापात पाप करावंच लागतं!”

युनिकोडच्या तक्त्यात अशा आकृत्यांना ९६ घरं दिलीत, असं पोरगं चुकून बोलून गेलं. काकांनी खुर्ची ओढली. त्या दिवशी दुकान उशिरा बंद झालं.

लग्नात नवरी उंच, शेलाटी. नवरदेव तेवढाच उंच, पण वाटोळा. दोघं पाटांवर उभी, मधे अंतरपाटाची पांढरी शिरोरेघ. मंगलाष्टकं संपत आलेली, अक्षता मुठीत. तेवढ्यात मागून आवाज आला,

“थांबा! गोल एक सूत खाली आहे!”

‘सावधान’ म्हणता म्हणता भटजीच सावध झाले. कुणीतरी हसू दाबत नवरदेवाच्या पायाखाली आणखी एक पाट सरकवला. पाट चांगला ८ सुतांचा. काकांनी एक डोळा मिटून पाहिलं.

“पाप अंमळ जास्तच झालं,” ते म्हणाले. “चालेल. टाका अक्षता.”