झाकलं नाक सव्वा लाखाचं

चीनच्या शान्शी प्रांतात लिनफेन नावाचं शहर आहे. कोळसा, कोकच्या भट्ट्या आणि पोलाद यांवर पोट भरणारं. फेन नदीचं खोरं, दोन्ही अंगांना डोंगर. हिवाळ्यात गार हवा खोऱ्याच्या तळाशी बसते, वर उबदार हवेचं झाकण पडतं. त्यातच उत्तर चीनच्या शिरस्त्याप्रमाणे १५ नोव्हेंबरला घरं तापवण्याचा हंगाम उघडतो. मग १५ मार्चपर्यंत धुराड्यांतून जे निघेल ते गावाबाहेर जात नाही. गावचा माल गावातच राहावा, ही स्वदेशीची शिकवण इतक्या निष्ठेनं दुसरं कुणी पाळत असेल असं वाटत नाही.

जानेवारी २०१७ मध्ये लिनफेनच्या हवेतला सल्फर डायऑक्साइड दर घनमीटरला एक हजार मायक्रोग्रॅमच्या वर गेला. देशभर बोभाटा झाला. आता अशा वेळी सामान्य बुद्धीचा माणूस काय करील? भट्ट्या बंद करील, घरोघरचा कोळसा काढून घेईल. हे उपाय किती घाईचे असतात ते त्याच वर्षी हबेइ प्रांतातल्या छूयांग तालुक्यात दिसलं. तिथे कोळशाला आधी बंदी आली आणि त्याच्या जागी यायची ती सोय मागे राहिली. डिसेंबरच्या थंडीत काही शाळांतली मुलं वर्गापेक्षा ऊन बरं म्हणून मैदानात बसून धडे गिरवू लागली. मोकळ्या हवेतलं शिक्षण म्हणून आपण त्याचं कौतुक करू. पण प्रत्येक साहेबाला एवढा उपद्व्याप झेपतोच असं नाही.

लिनफेनच्या पर्यावरण खात्याच्या प्रमुखांनी मुळाशी जाऊन विचार केला असावा. प्रदूषण नेमकं होतं कुठे? लाखो माणसांच्या छातीत म्हणावं, तर छातीला आकडा दाखवायची काच नसते. आकडा दिसतो फक्त शहरातल्या सहा राष्ट्रीय मापन केंद्रांवर, आणि वरिष्ठ वाचतात तोही तोच. म्हणजे खोकला लाखोंना असला तरी रोगी सहाच. सहा रोग्यांचा इलाज कोणत्याही खात्याच्या आवाक्यातला आहे.

तर एप्रिल २०१७ पासून मार्च २०१८ पर्यंत हा इलाज चालला. हवा आत ओढणाऱ्या नळीचं तोंड बुजवायचं, नाहीतर त्यावर पाणी मारायचं. जवळजवळ शंभर वेळा. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे नाक झाकलं होतं, एवढाच फरक. या शास्त्रात शिआन शहर एक पाऊल पुढे होतं हे मात्र कबूल केलं पाहिजे. तिथल्या एका केंद्राची किल्ली गुपचूप बनवून घेतली होती आणि नळीच्या तोंडाशी सुती जाळी कोंबली होती. यंत्राला मास्क! माणसांना मास्क वाटत बसण्यापेक्षा किती स्वस्त.

निंगशियातल्या शिझुइशान शहराची रीत आणखी उघड. तिथल्या रस्त्यांवर धूळ बसवायला पाण्याचे फवारे उडवणाऱ्या गाड्या फिरतात. जानेवारी २०१८ मध्ये अशाच फवाऱ्यानं पर्यावरण खात्याची इमारत, जिथे हवा मोजण्याचंही काम चालतं, बर्फानं मढून गेली. खिडक्यांवर सुळके लोंबू लागले. लोकांनी फोटो काढले, टवाळी केली. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी, असं एखादा म्हणेल. पण बंब निदान कुठेतरी पोचला होता, आणि तोही खात्याच्या दारात. गोठलेलं खातं इतकं स्वच्छ दिसू शकतं हे तोवर कुणाला ठाऊक होतं?

याच लिनफेनच्या हद्दीत ताओसी नावाचं उत्खननस्थळ आहे. चार हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या लोकांनी अर्धवर्तुळात खांब उभारले होते, आणि त्यांच्या फटींतून उगवता सूर्य पाहून ते ऋतू ठरवत, असं पुरातत्त्वज्ञ मानतात. केवढे कष्ट! त्यांच्या वारसदारांना सूर्य दिसण्याची अटच नव्हती. भट्ट्यांचा धूर दाटला की हिवाळा, आणि आकडे अचानक सुधारले की तपासणीचे दिवस.

खेदाची गोष्ट एवढीच की वरिष्ठांना ही कला रुचली नाही. २०१८ मध्ये सोळा जणांना शिक्षा झाली. प्रमुखांना दोन वर्षांची कैद. तोवर देशभर कोळसा जाळणं कमी करणं, गिरण्यांच्या धुराड्यांना गंधक शोषणारी यंत्रं बसवणं असली खर्चिक कामं सुरू झालीच होती, आणि चीनच्या हवेतला सल्फर डायऑक्साइड खरोखरच बराच उतरला. म्हणजे पैसा ओतून तेच साधलं, जे जाळीच्या एका तुकड्यानं साधत होतं. फरक राहिला तो नुसता श्वास घेणाऱ्यांच्या बाजूचा.

त्यातल्या त्यात समाधान असं की न्यायालयानं या कामाचं मोल ओळखलं. चिनी कायद्यात अशा खोडसाळपणाला साधी फसवणूक म्हणत नाहीत. आरोप होता संगणकीय माहिती-यंत्रणा उद्ध्वस्त केल्याचा. जगभरचे हॅकर रात्र रात्र जागून संकेत फोडतात, तेव्हा कुठे त्यांच्यावर असं कलम लागतं. शान्शीतल्या मंडळींनी ते पाण्याच्या बादलीवर मिळवलं.