भाड्यातून हप्ता फिटत नाही

‘भाड्यातून हप्ता निघून जाईल’ असं ज्या एजंटनं तुम्हाला सांगितलं, त्याला तिथल्या तिथे कागद-पेन द्या आणि हिशेब मांडायला लावा.

माझा भाचा गेल्या रविवारी असाच हरखून आला होता. वाकडमधला जुना फ्लॅट, किंमत 60 लाख, भाडं 20,000. वर्षाला 2,40,000, म्हणजे चार टक्के, असं त्याचं गणित. आम्ही दोघं वही घेऊन बसलो.

आधी खरेदी. पुणे-पिंपरीत मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 4,20,000. नोंदणी फी 30,000. दलाली एक टक्का धरली तर 60,000. घर 65,10,000 ला पडलं, आणि अजून पंखा बसलेला नाही. (बांधकाम चालू असलेली इमारत असती तर वर 5 टक्के जीएसटी. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला तो लागत नाही.)

आता भाडं. भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामं राहतं, तेव्हा अकरा महिन्यांचे 2,20,000 धरा. त्यातून एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून गेलं. मेंटेनन्स आणि बिनभोगवटा शुल्क मिळून 32,400. मालमत्ता कर 12,000. रंग, नळ, गीझर यांचे 15,000. हातात राहिले 1,40,600. गुंतवलेल्या रकमेवर हे जेमतेम सव्वादोन टक्केही भरत नाहीत, आणि आयकर अजून बाकीच आहे. याच घरावर 45 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं तर हप्ता महिन्याला 39,000 च्या आसपास. हप्ता निम्मासुद्धा फिटत नाही.

बिनभोगवटा शुल्काबद्दल जरा थांबून सांगायलाच हवं, कारण नवखा मालक इथे हमखास नाडला जातो. फ्लॅट भाड्यानं दिला की काही सोसायट्या महिन्याला दोन-तीन हजार मागतात आणि मालक मुकाट भरतो. राज्य शासनाच्या 1 ऑगस्ट 2001 च्या आदेशानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. सेवाशुल्क म्हणजे अख्खं मेंटेनन्सचं बिलही नव्हे. पालिकेचा कर त्यात धरत नाहीत. सेवाशुल्क 2,000 असेल तर द्यायचे फक्त 200. सोसायटीच्या सभेत ठराव मंजूर झाला म्हणून कायदा बदलत नाही. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नाही ऐकलं तर उपनिबंधकांकडे जा.

दुसरा घातक समज अकरा महिन्यांचा. अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही, हे महाराष्ट्रात साफ चूक आहे. भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे प्रत्येक लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. जबाबदारी मालकाची, चुकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड. त्याहून मोठा फटका वेगळाच आहे: करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मुद्रांक शुल्क पाव टक्का, शहरात नोंदणी फी 1,000. वरच्या घराचा सरकारी खर्च दोन हजारांच्या आत येतो. तेवढे वाचवायला 60 लाखांचं घर टांगणीला लावणं हा निव्वळ मूर्खपणा आहे.

घराची किंमत पुढे वाढेलही, पण ती वाढ महिन्याच्या पाच तारखेला बँकेत हप्ता भरायला येत नाही. हप्त्यातला फरक पगारातून वर्षानुवर्षं सोसवेल, त्यानंच या वाटेला जावं.

टोकन देण्याआधी विक्रेत्याकडून मेंटेनन्सचं शेवटचं बिल, मालमत्ता कराची पावती आणि भाडेकरू असेल तर नोंदणीकृत कराराची प्रत मागा. हे कागद जो दाखवत नाही, त्याला एक रुपयाही देऊ नका.