नाझरसाहेबांचा वाघ्या

पेन्शनीत निघालेला सरकारी नोकर वऱ्हाडात पूर्वी तीनपैकी एखाद्या मार्गाला लागत असे. तो शेगावच्या वाऱ्या सुरू करी, वरुडाकडे संत्र्याची बाग लावी, किंवा या दोहोंतले काहीच न साधल्यास भाऊबंदकीचा एखादा जुना दावा उकरून काढी. अलीकडे या तीन मार्गांत चौथ्याची भर पडली असून, अमरावतीच्या कॅम्पात काय किंवा अकोल्याच्या रामदासपेठेत काय, दिवेलागणीच्या सुमारास डोक्याला मफलर, हातात साखळी आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला धन्यापेक्षा अधिक खानदानी मुद्रेचे जनावर अशा थाटात जो गृहस्थ दृष्टीस पडतो, तो या चौथ्या मार्गाचा वारकरी होय.

या संप्रदायाचे आमच्या परिचयाचे अध्वर्यू म्हणजे नाझरसाहेब. त्यांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही; प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी ते आहेतच. दिवाणी न्यायालयातील नाझराचे काम म्हणजे समन्से बजावून घेणे, बेलिफांना पिटाळणे आणि हुकूमनाम्याप्रमाणे जप्त्या अमलात आणणे. सबब उभ्या नोकरीत आपण कोणाला भ्यालो नाही, आणि आपल्या सहीच्या कागदाला भ्याला नाही असा इसम मोर्शीपासून मूर्तिजापुरापर्यंत शोधूनही सापडला नसता, अशी त्यांची स्वतःची जबानी आहे. अशा पुरुषाने घराच्या राखणीसाठी अल्सेशियन जातीचे पिल्लू आणावे, मोठ्या विश्वासाने त्याचे नाव वाघ्या ठेवावे, आणि त्या वाघ्याने छत्री, प्रेशर कुकरची शिट्टी, भिंतीवर फडफडणारी दिनदर्शिका आणि मुख्यत्वेकरून कूलर यांच्या धास्तीने पलंगाखाली कायमचा मुक्काम ठोकावा, हा इन्साफ वरच्या कोर्टाचाच म्हटला पाहिजे.

त्यातही कूलरचे प्रकरण सर्वांत बिकट. ज्या मुलखात वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या पलीकडे जातो, तेथे खिडकीत बसवलेली ती वाळ्याची पेटी ही चैनीची वस्तू नसून कुटुंबातील एक वडीलधारी व्यक्ती असते. परंतु पंखा घरघरू लागला आणि पाणी झिरपण्याचा आवाज आला की वाघ्याचे शेपूट पोटाखाली जाई, डोळ्यांतील पांढरे दिसू लागे, आणि भर दुपारी घरातील सर्वांना त्याच्या मनःस्वास्थ्याखातर घामाघूम बसावे लागे. “अजी, कुत्र्याले कूलरचं भेव वाटते म्हनून का मानसानं भाजून निंगाव?” हा बाईंचा सवाल, त्यावर “तपास चालू आहे” हे साहेबांचे उत्तर.

तपास खरोखरच चालू होता. साहेबांनी एक जाड नोंदवही आखून तिच्यात तारीख, भयवस्तू, लक्षणे, साक्षीदार व शेरा असे रकाने पाडले होते. आरोपीला भयवस्तूसमोर साखळीने ओढून उभे करणे, ही त्यांची पहिली उपाययोजना. भ्यालेल्या कुत्र्याला गोंजारले की भीती सोकावते, हा त्यांचा सिद्धान्त. अशा उलटतपासणीत वाघ्या एकसारख्या जांभया देई, ओठ चाटी आणि मान वळवून भिंतीकडे पाही. त्यापुढे शेऱ्याच्या रकान्यात “उद्धट वर्तन, न्यायासनाचा अवमान” अशी नोंद पडे.

प्रकरणाला कलाटणी मिळाली ती अकोल्यास. साहेबांची सासुरवाडी तेथील जुन्या शहरात. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामाहून पूर्णेचे पाणी खांद्यावरच्या कावडींतून आणून राजराजेश्वराला घालण्याचा अकोल्याचा जुना प्रघात आहे, आणि त्या दिवशी शहरात ढोलांचा जो गजर उठतो तो बहिऱ्यालाही छातीत ऐकू यावा असा असतो. नेमक्या त्याच मुहूर्तावर साहेब वाघ्याला “मन घट्ट व्हावे म्हणून” सोबत घेऊन गेले. पहिल्या कावडीबरोबर वाघ्या न्हाणीघरात शिरला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर आला नाही. पुढ्यात ठेवलेल्या मटणालाही तो शिवला नाही, तेव्हा त्याला उचलून अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेत न्यावे लागले.

तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी नोंदवही शांतपणे वाचली. “काका, ही जांभई उद्धटपणाची नाही. घाबरलेला कुत्रा जांभया देतो, ओठ चाटतो, नजर चुकवतो. तो तुम्हाला विनंती करत होता. आणि खाणं नाकारलं, म्हणजे भीती हाताबाहेर गेली असं समजायचं.” माणसाच्या कानाची धाव सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत, तर कुत्र्याची सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंत, त्यामुळे आपल्याला जो कूलर नुसता घरघरतो तो त्याला काय काय ऐकवत असेल ते आपण जाणत नाही, असे त्या म्हणाल्या. शिवाय पिल्लू तीन आठवड्यांचे असल्यापासून साधारण चौदा आठवड्यांचे होईपर्यंत जग म्हणून जे पाहते ते त्याला आपले वाटते, आणि त्या मुदतीत जे पाहिले नाही त्याच्याकडे ते पुढे संशयाने बघते. साहेब गप्प झाले. कारण ती सबंध मुदत त्यांनी वाघ्याला गल्लीतील उडाणटप्पू कुत्र्यांची संगत नको म्हणून मागल्या खोलीत कोंडून काढली होती.

मग पाव्हलॉव्हची हकीकत निघाली. १९२४ साली लेनिनग्राडला महापूर आला, त्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतील कुत्री पिंजऱ्यांत बुडता बुडता वाचली, आणि त्यानंतर दाराखालून पाण्याची बारीकशी धार आत आली तरी तो सगळा प्रलय एका कुत्र्याच्या अंगात पुन्हा उभा राहू लागला. “त्या पुराचा पंचनामा झाला होता काय?” एवढेच साहेबांनी विचारले, पण स्वर उतरला होता.

घरी परतल्यावर त्यांनी ग्रंथांचा आश्रय केला. १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या मानवाच्या उत्पत्तीवरील ग्रंथात डार्विनने स्वतःच्या समंजस कुत्र्याची गोष्ट दिली आहे. हिरवळीवर उघडी पडलेली छत्री वाऱ्याच्या झुळकेने हले, की तो कुत्रा गुरगुरे. कारण हलवणारा दिसत नाही त्या अर्थी कोणी अदृश्य असावा, असा त्याचा तर्क असावा, आणि माणसाची भुतेखेतेही याच जातीची, असे डार्विनचे अनुमान. महाभारताच्या आदिपर्वात तर सरमा नावाची देवशुनी आपल्या निरपराध पोराला यज्ञभूमीवर मारले म्हणून जनमेजयाला शापच देते, की तुझ्यावर न दिसणारे भय येईल. आणि तो सार्वभौम राजा शांतीसाठी पुरोहित शोधत हिंडतो. ही कथा वाचल्यापासून साहेबांनी साखळी ओढणे सोडले. शास्त्राने जे झाले नाही ते शापाने झाले, याचे आम्हांला नवल वाटत नाही. साहेब मुळात शिक्षेच्या कलमाला मान देणारे गृहस्थ.

त्यानंतर भाद्रपदाच्या झडीत कॅम्पातल्या रहिवाशांनी एक अपूर्व देखावा पाहिला. बाहेर मुसळधार पाऊस कोसळत असता आत कूलरसमोर, पण त्यापासून चांगले दहा हात दूर, नाझरसाहेब उकडलेल्या अंड्याचे तुकडे घेऊन मांडी घालून बसलेले असत. आरंभी बंद कूलर आणि अंडे. मग नुसता मंद पंखा आणि अंडे. वाघ्याने तुकडा नाकारला की कामकाज तहकूब, दोन हात मागे आणि पुढची तारीख. दसऱ्यापर्यंत वाघ्या चार हातांवर आला. छत्रीचे प्रकरण अद्याप पडून आहे. दिवाळीच्या फटाक्यांपुढे तर साहेबांनी सपशेल तडजोड केली: खिडक्या बंद, दिवे चालू, आणि सोकावण्याचा सिद्धान्त बासनात गुंडाळून वाघ्याचे डोके खुशाल मांडीवर.

त्याच सुमारास आम्ही साहेबांकडे गेलो असता वाघ्याची प्रगती दाखवण्यासाठी त्यांनी नोंदवही आमच्या हाती दिली आणि ते चहाचे सांगायला आत गेले. नोव्हेंबर लागला होता. म्हणजे पेन्शनरांनी आपण जिवंत असल्याचा दाखला देण्याचा महिना. शेवटचे पान उलटले तर पुढल्या कोऱ्या पानावर बाईंच्या हस्ताक्षरात त्याच रकान्यांत नोंद होती. भयवस्तू: हयातीचा दाखला. लक्षणे: रातभर कपाट उघडून कागद पायते, बोटाचा ठसा मशीनवर उमटन का नाही म्हनते. साक्षीदार: वाघ्या. शेरा: बँकेत चला म्हटलं त जांभई देल्ली. अंडं ठेवलं, खाल्लं नाही.