गोष्ट सांगतंय कोण?

‘लिहिणं शिकवता येत नाही, ते आतूनच यावं लागतं.’ या वाक्याला मांडवात हमखास टाळ्या पडतात आणि नवोदितांचं त्यानेच वाटोळं होतं. गवयाने रियाज करायचा, पैलवानाने जोर-बैठका मारायच्या आणि लिहिणाऱ्याने तेवढी स्फूर्तीची वाट बघत बसायचं, हा कुठला न्याय? कोल्हापुरात तरी हे वाक्य कुणी बोलू नये.

कारण ना. सी. फडके इथल्याच राजाराम कॉलेजात शिकवत होते, त्याच काळात, 1931 मध्ये, त्यांचं लेखनतंत्रावरचं ‘प्रतिभासाधन’ हे पुस्तक आलं. कादंबरी रचावी लागते, ती रचना अभ्यासता येते, हे त्यांनी उघडपणे मांडलं. पुढे त्या तंत्राचा साचा झाला, हेही खरं. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले यांच्या नवकथेने तो मोडला. पण ते मोडणारे तंत्र कोळून प्यालेले होते. आज तंत्राची टवाळी करणाऱ्यांपैकी किती जणांनी फडके उघडून पाहिलेत?

‘लेखन शिकायला पुस्तकं सुचवा’ असं कुणी म्हटलं की मी आधी फडक्यांचं नाव घेतो आणि लगोलग तीन कादंबऱ्या हातात ठेवतो: वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (1959), शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (1967) आणि आनंद यादवांची ‘गोतावळा’ (1971). खांडेकर 1938 पासून कोल्हापूरकर, सावंत आजऱ्याचे, यादव कागलचे. लेखनकलेचा एक मोठा धडा या जिल्ह्याने स्वखर्चाने लिहून ठेवलाय. तो धडा असा: गोष्ट सांगतंय कोण, हे आधी ठरवा.

‘ययाति’त तिघं बोलतात: ययाति, देवयानी, शर्मिष्ठा. देवयानीचा ताठा शर्मिष्ठेकडून कळतो तेव्हा चीड येते. देवयानी स्वतः बोलू लागते तेव्हा कचाने प्रेम नाकारल्याची जखम दिसते. बाई तीच, तोंड बदललं की माणूस बदलतं. आणि कच? कादंबरीतला सर्वांत संयमी माणूस, पण खांडेकरांनी त्याला निवेदक केलेलं नाही. तो स्वतः बोलता तर उपदेशक वाटला असता. इतरांच्या नजरेतून आला म्हणून त्याचं वजन राहिलं.

‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण बोलतात. अर्जुनाला एकही प्रकरण नाही. कुणाला बोलू द्यायचं नाही, हाही लेखकाचाच निर्णय असतो. ‘गोतावळा’ तर सगळी नारबा या गड्याच्या तोंडून, त्याच्या बोलीत येते. मळ्यात ट्रॅक्टर येतो. शहरी निवेदक असता तर त्याने यांत्रिकीकरणावर व्याख्यान झोडलं असतं. नारबाला दिसतं ते एवढंच, की जिवाभावाची जनावरं चालली.

हे नुसतं वाचून भागत नाही. नारबाच्या निवेदनातलं एक पान घ्या आणि ‘तो’ वापरून, प्रमाण मराठीत पुन्हा लिहा. माहिती सगळी शिल्लक राहील, जीव निघून जाईल. काय निघून गेलं, ते वहीत टिपा. मग आपल्या गावातली एखादी शेताची वाटणी घ्या. ती एकदा थोरल्या भावाच्या तोंडून लिहा, एकदा धाकट्या जावेच्या आणि एकदा त्या घरी आयुष्य घालवलेल्या गड्याच्या. तीन वाटण्या तयार होतील. त्यातली कुठली छापण्याजोगी आहे, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

आपण करतो काय? शिवाजी विद्यापीठातल्या खांडेकर स्मृती संग्रहालयात फोटो काढतो आणि ‘ययाति’ शेवटची कधी उघडली, ते आठवत नाही. एका दिवसाच्या कार्यशाळेत हारतुरे, तीन भाषणं, शेवटी प्रमाणपत्र. उतारा म्हणून एकही नाही. आयोजकांनो, भाषणं दोनने कमी करा. प्रत्येकाच्या पुढ्यात एक पान ठेवा, तासभर त्यावरच बोला आणि नंतर ते सगळ्यांकडून पुन्हा लिहून घ्या. नवोदितांनो, कार्यशाळेची वाट बघू नका. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून उघडं आहे. या आठवड्यात वर्गणी भरा आणि पहिलं पुस्तक ‘गोतावळा’ मागा.