काळ्या दगडावरची तुटक रेघ

क्षेत्रकार्य म्हणजे खडक जिथे आहे तिथे जाऊन तो पाहणे, मोजणे आणि वहीत नोंदवणे. भूविज्ञानाच्या पदवी अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासून हे शिकवतात. पालक याला सहल समजतात आणि मुलाच्या हाती तेवढेच पैसे ठेवतात.

महाराष्ट्रात या विषयाला एक स्थानिक अडचण आहे. राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास बाहेर पडलेल्या लाव्हाने झाकला आहे. त्या लाव्हाचा खडक म्हणजे बसाल्ट. कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच माथ्यावर बसाल्ट आहे, पायथ्याच्या बारी गावात बसाल्ट आहे, आणि ज्या रस्त्याने तिथे जायचे त्याची खडीही बसाल्टचीच. पाठ्यपुस्तकातली चित्रे मात्र आल्प्सची असतात. त्यांत चुनखडकाचे आणि शेलचे थर घड्या घालून उभे, आडवे, क्वचित उलटेही पडलेले दिसतात. ही चित्रे पाठ करून विद्यार्थी दिवे घाटात उतरतो. तिथे सगळे थर आडवे आहेत आणि सगळे काळे आहेत.

क्षेत्रकार्याचा पहिला प्रश्न खडकाबद्दल नसतो. आपण कुठे उभे आहोत, हा तो प्रश्न. याचे उत्तर चुकले तर पुढची सगळी निरीक्षणे कितीही अचूक असली तरी दुसऱ्याच डोंगराच्या खात्यात जमा होतात. उत्तरासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा देतात. विद्यार्थी आणि प्राध्यापक त्याला टोपोशीट म्हणतात. त्यावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर, आणि समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने. पेन्सिलीच्या अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या रेघेखाली जमिनीवरचे २५ मीटर जातात. म्हणून बोथट पेन्सिलीने ठिपका दिला की मारुतीचे देऊळ, पुढचा पार आणि पारावर बसलेली मंडळी सगळी त्याखाली दडपतात.

स्थान काढायची शास्त्रोक्त रीत अशी. नकाशात आणि समोर अशी दोन्हीकडे ओळखू येणारी तीन ठिकाणे निवडायची. होकायंत्राने प्रत्येकाची दिशा वाचायची. तीत १८० अंश मिळवायचे किंवा तिच्यातून वजा करायचे, आणि नकाशावरच्या त्या ठिकाणापासून उलट रेघ ओढायची. तिन्ही रेघा जिथे मिळतात तिथे विद्यार्थी उभा असतो. प्रत्यक्षात त्या मिळत नाहीत, मध्ये एक त्रिकोण उरतो. अनुभवी माणसाच्या त्रिकोणात एक शेत मावते, पहिल्या वर्षाच्या त्रिकोणात धरण मावल्याची उदाहरणे आहेत. पुण्याच्या मुलांना सिंहगड चटकन सापडतो, कारण त्यावर दूरदर्शनचा मनोरा आहे. बाकीच्या किल्ल्यांबद्दल मतभेद होतात. ज्याने राजगड सात वेळा केला आहे तोही अनोळखी बाजूने राजगडाला तोरणा म्हणतो, आणि ते ठासून म्हणतो. त्याच्या सात वेळांचा मान राखून सगळा गट तोरण्याचीच रेघ ओढतो. मोबाइल हे सगळे काही सेकंदांत सांगू शकतो. नेमक्या याच कारणाने तो सॅकच्या तळाशी ठेवायला लावतात.

होकायंत्र साधे नसते. भूवैज्ञानिकांचे आवडते ब्रंटन हे डेव्हिड ब्रंटन या खाण अभियंत्याने १८९४ साली पेटंट घेतलेले यंत्र. त्यात होकायंत्र, उताराचा कोन मोजणारे क्लिनोमीटर आणि आरसा एकाच डबीत बसवलेले आहेत. आरसा कशासाठी, हे पहिल्या दिवशी कोणी विचारत नाही, भांग बघायला तो लगेच उपयोगी पडतो. यंत्राच्या तबकडीवर पूर्व आणि पश्चिम उलटापालट छापलेल्या असतात. ही छपाईची चूक नव्हे. डबी फिरते आणि सुई जागेवरच राहते, म्हणून अक्षरे उलटी छापली तरच सुईच्या टोकाशी खरी दिशा वाचता येते. हे एकदा समजावून सांगितले की विद्यार्थ्याला समजते. दुसऱ्यांदा सांगितले की तो गोंधळतो.

चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक महाराष्ट्रात एका अंशाहूनही कमी असल्यामुळे दुरुस्तीची एक बेरीज-वजाबाकी वाचते. निसर्गाने दिलेली ही सवलत बसाल्ट लगेच काढून घेतो. या खडकात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. वीज पडलेल्या माथ्यावर तर खडकाचे चुंबकत्व इतके वाढलेले असू शकते की सुई दोन पावलांत मत बदलते. त्यात कमरेला पोलादी हातोडा लटकवून दिशा वाचणारे असतात. असे गट नकाशात बहुधा नदीच्या मधोमध सापडतात. दक्षिण-उत्तर चुकलेल्या विद्यार्थ्याच्या बाजूने एकच गोष्ट सांगता येईल. दख्खनचे बरेचसे लाव्हाथर गोठले तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्रच आजच्या उलट होते आणि त्या खडकांनी तीच दिशा धरून ठेवली आहे. हा युक्तिवाद तोंडी परीक्षेत चालत नाही.

ब्रंटनचे मुख्य काम स्ट्राइक आणि डिप मोजणे. तिरक्या थरावर जी रेघ अगदी आडवी जाते तिची दिशा म्हणजे स्ट्राइक. तिला काटकोनात थर ज्या कोनाने खाली उतरतो तो डिप. उताराची दिशा कळत नसेल तर थरावर थोडे पाणी ओतावे, ते डिपच्या दिशेने जाते. दख्खनच्या पठारावर पाणी कुठेच जात नाही. इथल्या थरांचा डिप सहसा एका अंशाच्याही आत असतो आणि थरथरत्या हाताची चूक त्याहून मोठी असते. पाण्याचे डबके होते, बाटली रिकामी होते आणि वहीत ‘जवळपास आडवा’ अशी नोंद पडते. तरीही हे कौशल्य यायलाच हवे, म्हणून कॉलेजच्या मैदानात ड्रॉइंग बोर्ड विटेवर तिरका टेकवतात आणि सगळा वर्ग ओळीने त्या बोर्डाचा डिप मोजतो. खरा डिप पाहायचा तर कोकणात उतरावे लागते. पनवेलच्या आसपासच्या पट्ट्यात हे थर पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला, स्पष्ट कललेले आहेत. तिथे सुटीच्या दिवशीही वर्ग पहिल्यांदाच खूश असतो.

यानंतर खडक ओळखणे. भिंग दहापट मोठे दाखवणारे असते. ते डोळ्याला जवळजवळ टेकवायचे आणि खडक त्याच्याकडे आणायचा. नवखे लोक सिनेमातल्या गुप्तहेराप्रमाणे भिंग दगडावर धरतात आणि स्वतः लांब उभे राहतात. बसाल्टचे स्फटिक इतके बारीक असतात की बरोबर धरले तरी भिंगातून काळा दगड दहापट काळा दिसतो. पण तास-दोन तास पाहत राहिले की त्यात भेद पडू लागतात. थराच्या माथ्याशी वायूच्या बुडबुड्यांची भोके असतात आणि ती पुढे झिओलाइट, कॅल्साइट किंवा क्वार्ट्झने भरलेली असतात. थराच्या तळाशी नळीसारखी भोके असतात आणि ती वाकलेली असली तर लाव्हा कोणत्या बाजूला वाहत होता ते सांगतात. काही थरांच्या पाठीवर दोरखंडासारख्या वळ्या असतात, हा पाहोईहोई लाव्हा. कसारा घाटात तर काही सेंटिमीटर लांबीच्या फेल्डस्पारच्या पट्ट्या असलेला बसाल्ट मिळतो. तो दिसताच वर्ग त्याच्याभोवती गर्दी करतो, कारण त्यात पहिल्यांदाच भिंगाशिवाय काहीतरी दिसते.

एवढे जमल्यावर विद्यार्थ्याला वाटते की आता लाव्हाचे थर वेगवेगळे सांगता येतील. मग त्याला शैलसमूहांची नावे सांगतात: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. यादी एसटी स्टँडवरच्या फलकासारखी असल्यामुळे लवकर पाठ होते. पाठ झाल्यावर कळते की हे विभाग मुख्यतः प्रयोगशाळेतल्या रासायनिक पृथक्करणावरून पाडले आहेत. बहुतेक सीमांवर उभे राहून दोन्हीकडे पाहिले तर दोन्हीकडे बसाल्ट दिसतो. ही माहिती प्राध्यापक घाट चढून झाल्यावर देतात.

हातोड्याबद्दल थोडक्यात. घट्ट बसाल्टवर मधोमध घाव घातला की घंटेसारखा आवाज येतो आणि हाताला झिणझिण्या येतात, तुकडा येत नाही. घाव कडेला घालावा, डोळ्यांवर चष्मा असावा आणि जवळ दुसरा कोणी नसावा. शेवटची अट पाळणे अवघड असते, कारण हातोडा मिळालेल्या माणसाभोवती न मिळालेले सगळे जमतात. लेणी आणि किल्ले यांना हात लावायचा नाही. संरक्षित वास्तूची मोडतोड हा कायद्याने गुन्हा आहे. कार्ल्याचे चैत्यगृह याच खडकात दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नीने कोरले आहे, ही गोष्ट अर्ध्या तासात मुठीएवढा नमुनाही न निघालेल्या गटाला त्या वेळी सांगू नये.

सोबत एका बाटलीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल असते. कॅल्साइटवर थेंब टाकला की फसफसते, क्वार्ट्झ आणि झिओलाइटवर नाही. बसाल्टवरही फसफसत नाही, तरी प्रत्येक जण आधी बसाल्टवरच टाकून पाहतो आणि बराच वेळ वाकून बघतो. दोन लाव्हाथरांमध्ये कधी कधी तांबड्या मातीचा थर असतो, तो ओळखायची जुनी रीत याहून स्वस्त आहे: चिकणमाती जिभेला चिकटते. रस्त्याकडेची माती चाटणारी शहरातली मुले पाहून घाटातले ट्रक वेग कमी करतात.

वही हा या शास्त्राचा खरा आधार आहे आणि बहुतेकांचे गुण तिथेच जातात. तारीख, ठिकाण, टोपोशीटचा क्रमांक, मग निरीक्षण. लिहायचे पेन्सिलीने, खोडायचे नाही; चुकले तर एक रेघ मारून पुढे जायचे. दिसले ते एका पानावर आणि वाटले ते समोरच्या पानावर. हा नियम ऐकायला सोपा आहे. पण ‘काळा, बारीक कणांचा, माथ्याशी भोके असलेला, साडेतीन मीटर जाडीचा खडक’ असे लिहिण्यापेक्षा ‘लाव्हा’ लिहिणे सोपे वाटते, आणि लाव्हा कोणी पाहिलेला नसतो. काहीच उलगडले नाही की विद्यार्थी ‘येथे फॉल्ट असावा’ असे लिहितो. फॉल्टसाठी घासल्याच्या खुणा, चुरडलेला खडक किंवा सरकलेला थर दाखवावा लागतो. असा पुरावा न मागता फॉल्ट मान्य केले असते तर पुणे ते सातारा एकही डोंगर अखंड उरला नसता. रेखाचित्रात समोर दिसते तेवढेच काढायचे असते. शाळेत दहा वर्षे निसर्गचित्र काढलेला हात मात्र आपोआप दोन डोंगरांमधून सूर्य उगवायला लावतो आणि आकाशात चार पक्षी सोडतो. अशा चित्रात उत्तर दिशा आणि प्रमाण राहून जाते.

थरांची जाडी मोजायला डोळ्यांच्या उंचीची रीत वापरतात. क्लिनोमीटर शून्यावर ठेवून समोरच्या चढावर डोळ्यांच्या पातळीत दिसणारा बिंदू हेरायचा, तिथे जाऊन उभे राहायचे आणि पुन्हा तेच. प्रत्येक मुक्कामाला आपल्या डोळ्यांच्या उंचीएवढी भर पडते. गटात कोण कितीदा मोजत होते याची नोंद हवी. उंच मुलाने सुरुवात करायची आणि दमल्यावर बुटक्या मुलाने पुढे न्यायचे, हिशोब मात्र पहिल्याच्या उंचीने करायचा, असे केले तर सह्याद्रीची उंची कागदावर वाढते.

घाट संपला की सर्वांत चांगला उभा छेद विहिरीत मिळतो. विहिरीच्या काठावर वाकलेली मुले पाहून मालक येतोच.

‘काय बघताय रं पोरांनो?’

‘खडक बघतोय, काका.’

‘मग, काय हाय त्यात?’

‘बसाल्ट.’

‘आन् पाणी?’

यावर सगळे सरांकडे पाहतात. सर सांगतात की घट्ट खडकात पाणी मुरत नाही, भोकांच्या आणि भेगांच्या थरात मुरते. मालक मान डोलावतो आणि विहीर खणताना काय काय लागले ते वरून खाली सांगतो: माती, मुरूम, मांजऱ्या (भोकांचा खडक), काळा पाषाण, मग गेरू. प्रत्येकाची खोली तो परसांत सांगतो. परस हे माणसाच्या उंचीवरचेच माप आहे आणि ते डोळ्यांच्या उंचीच्या रीतीइतकेच अचूक आहे. सकाळपासून गटाने पाच थर ओळखले, पण एक सुटला होता, तो इथे वहीत भरला जातो. माहितीच्या स्रोताच्या रकान्यात मालकाचा उल्लेख करावा असा नियम आहे, सहसा तो विसरतात.

शेवटी नकाशा. दोन खडकांची सीमा प्रत्यक्ष दिसली तर अखंड रेघ, अंदाजाने जोडली तर तुटक, मातीखाली दडलेली असेल तर ठिपक्यांची. प्रामाणिक विद्यार्थ्याच्या नकाशावर तुटक रेघाच जास्त असतात. सादरीकरणाच्या आदल्या रात्री त्या शाईने पक्क्या करताना सरळ होतात, बऱ्याचशा अखंडही होतात, आणि दोन वर्गमित्रांच्या नकाशांत एकाच जागी एकसारखे वळण येते. प्राध्यापक त्या वळणावर बोट ठेवून विचारतात की इथे काय पाहिले. तिथे बहुधा तलाव असतो.

नमुन्यांवर क्रमांक, ठिकाण आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवायची असते. चिठ्ठी नसलेला नमुना साधा दगड मानतात. झिओलाइटचे चमकदार स्फटिक मात्र चिठ्ठी असूनही विभागाच्या संग्रहालयापर्यंत पोहोचत नाहीत, ते घरच्या शोकेसमध्ये पोहोचतात.

जर्नल तपासून सही झाल्यावर तोंडी परीक्षा होते. बाहेरून आलेले परीक्षक टेबलावर एक दगड ठेवतात आणि नाव विचारतात. महाराष्ट्रात या प्रश्नाला न बघताही ‘बसाल्ट’ असे उत्तर दिले तर ते बहुतेक वेळा बरोबर येते. हे परीक्षकांनाही ठाऊक असते, म्हणून ते येताना पिशवीत ग्रॅनाइटचा एक तुकडा घेऊन येतात.